कॅरोटिड धमनीतील प्लाक धोकादायक आहे का, हे चिकटणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या सोनोग्राफीने कळू शकते का?

तळकोकणी

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न अर्धा घरचा आणि अर्धा वर्गातला आहे. माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. त्यांच्या मानेच्या डॉपलर तपासणीच्या अहवालात डाव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीच्या सुरुवातीलाच मऊ, पडद्यावर काळपट दिसणारा प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर) असल्याचे आणि त्यामुळे धमनी सुमारे ४० टक्के अरुंद झाल्याचे म्हटले आहे. हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे यांपैकी काहीही आजवर झालेले नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची मात्रा वाढवली असून शस्त्रक्रियेची गरज नसल्याचे सांगितले आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अशातच मुंबईच्या एका नातेवाइकांनी तिथल्या एका तपासणी केंद्राची जाहिरात पाठवली. शिरेतून बुडबुडे सोडून केलेल्या सोनोग्राफीने ‘प्लाक फुटणार की नाही, हे आधीच समजते’ असा तिच्यात दावा आहे. मी थोडे वाचन केले तेव्हा बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर अँटीबॉडी बसवून ते धमनीच्या दाह झालेल्या भागालाच चिकटतील अशी योजना करता येते, असे समजले. माझ्या शंका अशा आहेत. ही तपासणी आपल्याकडे खरोखर उपलब्ध आहे का? कॅरोटिड धमनीत रक्त एवढ्या वेगाने वाहत असताना बुडबुडा भिंतीला चिकटून राहतो तरी कसा? आणि वडिलांना इतक्या लांब नेऊन ही तपासणी करावी, असा तिचा उपयोग आहे का?

रेडिओलॉजिस्ट, रत्नागिरी

सर, जाहिरातीत आहे ते वेगळे आणि आपण वाचले ते वेगळे. या दोहोंची सरमिसळ करूनच ती जाहिरात लिहिलेली दिसते.

आज रुग्णांसाठी बाजारात मिळणारे सगळे बुडबुडे साधे आहेत. त्यांच्यावर कोणताही शोधक रेणू बसवलेला नसतो. त्यांतील बहुपरिचित औषध म्हणजे सोनोव्ह्यू. त्याच्या लहानशा कुपीत २५ मिलिग्रॅम पांढरी भुकटी आणि तिच्यावर सल्फर हेक्झाफ्लुराइड हा जड वायू भरलेला असतो. कुपीत ५ मिलिलिटर सलाइन घालून ती २० सेकंद जोरात हलवली की दुधाळ द्राव तयार होतो. त्यातील बुडबुड्यांचा सरासरी व्यास २.५ मायक्रॉन असतो, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षा बराच कमी, त्यामुळे ते फुप्फुसांतील केशवाहिन्यांमधून विनासायास पार होतात. कुपी तशीच ठेवली तर बुडबुडे तरंगून वर येतात, म्हणून सिरिंजमध्ये ओढण्याआधी ती पुन्हा हलवावी लागते. आणि बारीक सुईतून जोर लावून सोडले तर बरेचसे बुडबुडे शिरेत शिरण्यापूर्वीच फुटून जातात, म्हणून निदान २० गेजची कॅन्युला लावण्याची शिफारस आहे. आतला वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. यात आयोडीन नाही, क्ष-किरण नाहीत, मूत्रपिंडांवर भार नाही. तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित होते, साधारण दहा हजारांत एखाद्याला. मात्र भुकटीतील पॉलिइथिलीन ग्लायकॉल या घटकाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधी सांगायला हवी, कारण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. भारतातील मोठ्या रुग्णालयांत हे औषध मुख्यतः यकृतातील गाठी ओळखण्यासाठी वापरतात.

हेच साधे बुडबुडे कॅरोटिडसाठीही वापरता येतात, आणि जे दिसते ते पाहण्यासारखे असते. धमनीची पोकळी एकदम पांढरी भरून येते, प्लाक तिच्यात काळा उठून दिसतो आणि त्याच्या कडेला व्रण असेल तर तोही स्पष्ट होतो. मग अर्ध्या-एक मिनिटाने, नीट लक्ष देऊन पाहिले तर, धमनीच्या बाहेरच्या आवरणाकडून प्लाकच्या आत बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसतात. ते प्लाकमध्ये नव्याने वाढलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जाणारे बुडबुडे होत. अशा वाहिन्या नाजूक असतात, त्यांतून प्लाकमध्ये रक्तस्राव होऊ शकतो, आणि म्हणून त्या पुष्कळ असणे हे अस्थिरतेचे एक लक्षण मानतात. ‘एक लक्षण’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. त्यावरून प्लाक फुटेल की नाही हे सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

एक गोष्ट जाहिरातीत कधीच येत नाही. मानेवर टेकवलेल्या प्रोबपासून दूर असलेली धमनीची भिंत या तपासणीत पुष्कळदा खोटीच उजळते. ध्वनी पोकळीतील बुडबुड्यांमधून जाताना विकृत होतो आणि पलीकडच्या भिंतीतही बुडबुडे असल्याचा भास निर्माण होतो. म्हणून वडिलांचा प्लाक जवळच्या भिंतीवर आहे की दूरच्या, हे कळल्याशिवाय नुसत्या उजळलेल्या चित्रावर विसंबू नये.

गुहागरचा, सध्या प्रयोगशाळेत

डॉक्टरांनी साध्या बुडबुड्यांचे सगळे सांगितले आहे. मी चिकटणाऱ्यांकडे वळतो, कारण माझे काम त्याच्याशी संबंधित आहे.

बुडबुडे सोनोग्राफीत दिसतात हे १९६८ मध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी नोंदवले. हृदयाजवळ रंगद्रव्याचे इंजेक्शन देताना पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उमटला, तो इंजेक्शनबरोबर निर्माण झालेल्या सूक्ष्म बुडबुड्यांचा होता. वायू दाबाखाली सहज आकसतो आणि फुगतो, पेशी व रक्त मात्र जवळजवळ आकसत नाहीत. त्यामुळे श्राव्यातीत ध्वनीच्या लहरीत बुडबुडा स्वतःच स्पंदू लागतो, आणि त्याचे फुगणे व आकसणे सारखे नसल्यामुळे त्याच्याकडून येणाऱ्या ध्वनीत मूळ वारंवारतेखेरीज तिच्या पटीतील वारंवारताही मिसळलेल्या असतात. यंत्र उलटसुलट लहरींच्या जोड्या पाठवून नेमका हाच भाग वेगळा काढते. अनुकूल परिस्थितीत एकटा बुडबुडासुद्धा टिपता येतो, आणि ही संवेदनशीलताच लक्ष्यवेधी बुडबुड्यांच्या कल्पनेचा पाया आहे. चिकटलेले बुडबुडे मूठभरच असणार. ते दिसले नाहीत तर सगळा खटाटोप व्यर्थ.

आता चिकटणे. निरोगी धमनीचे अस्तर गुळगुळीत असते आणि पांढऱ्या पेशी त्याला न अडकता वाहून जातात. दाह सुरू झाला की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन, व्हीकॅम-१, आयकॅम-१ असे रेणू उभे करतात. त्यांच्या आधारे पांढऱ्या पेशी थांबतात आणि भिंतीत शिरतात. प्लाकची सुरुवात आणि वाढ या दोन्हींत या घटनेचा मोठा वाटा आहे. बुडबुड्याच्या फॉस्फोलिपिडच्या कवचावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला या रेणूंना धरणारी अँटीबॉडी किंवा पेप्टाइड बसवली की बुडबुडा पांढऱ्या पेशीचीच नक्कल करू लागतो. फ्लोर्डेलिझा विलानुएवा आणि सहकाऱ्यांनी आयकॅम-१ला चिकटणारे बुडबुडे १९९८ मध्ये दाखवले. त्याआधी, १९९६ मध्ये, ग्रेगरी लान्झा आणि सॅम्युएल विकलाइन यांनी वायूऐवजी द्रव परफ्लुरोकार्बनचे सुमारे पाव मायक्रॉनचे कण रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनला चिकटवून दाखवले होते.

रक्ताच्या वेगाचा आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. प्रवाहाच्या मध्यभागी वेग जास्त असतो आणि भिंतीशी शून्याकडे जातो, पण भिंतीशी सरकत्या थरांचे घर्षण मात्र सर्वांत जास्त असते. बुडबुडा भिंतीला स्पर्श करतो तो क्षणाच्या लहानशा अंशापुरता. एकच बंध जुळला तर तो तुटतो. सड्यावरून चालताना एखादे कुसळ झटकले जाते, पण वीस-पंचवीस एकदम रुतली की धोतर सोडवत बसावे लागते, तसेच हे आहे. म्हणून एका बुडबुड्यावर हजारो शोधक रेणू बसवतात. शिवाय अँटीबॉडीची पकड घट्ट असली तरी ती बसायला वेळ लागतो, तर सिलेक्टिनला ओळखणारी शर्करा पटकन पकडते पण सैल धरते. त्यामुळे दोन्ही एकाच बुडबुड्यावर लावून आधी वेग कमी करायचा आणि मग घट्ट धरायचे, असेही प्रयोग झाले आहेत. आणखी एक युक्ती म्हणजे ध्वनीचाच दाब वापरून बुडबुडे मध्यातून भिंतीकडे ढकलायचे.

तपासणीची रीतही साध्या पद्धतीहून निराळी आहे. बुडबुडे सोडल्यावर सात-आठ ते दहा मिनिटे थांबतात, म्हणजे न चिकटलेले बहुतेक बुडबुडे रक्तातून नाहीसे होतात. मग अतिशय कमी दाबाच्या ध्वनीने चित्र घेतात, लगेच एक जोरदार स्पंद देऊन जागेवरचे सगळे बुडबुडे फोडतात आणि पुन्हा चित्र घेतात. पहिल्या चित्रातून दुसरे वजा केले की उरतो तो चिकटलेल्यांचा संकेत.

उंदरांमध्ये हे नीट चालते. बीट काउफमान, जोनाथन लिंडनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या उंदरांच्या महाधमनीत व्हीकॅम-१चा संकेत प्लाकबरोबर वाढतो, हे दाखवले. पुढे २०१४ मध्ये लिंडनर यांच्याच गटाने चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या माकडांच्या कॅरोटिड धमनीत पी-सिलेक्टिन आणि व्हीकॅम-१ या दोहोंचे संकेत टिपले. मानवी आजारासाठी मात्र अशा बुडबुड्यांपैकी सर्वांत पुढे गेलेले बीआर५५ हे कर्करोगाच्या गाठींतील नव्या रक्तवाहिन्यांसाठी आहे. ते अशा वाहिन्यांच्या अस्तरावरील व्हीईजीएफ ग्राही-२ या रेणूला चिकटते, आणि स्तन व अंडाशयाच्या गाठी असलेल्या ४५ स्त्रियांवरचा त्याचा पहिला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. धमनीच्या दाहासाठी परवाना मिळालेला एकही लक्ष्यवेधी बुडबुडा नाही. तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, मुंबईत नाही आणि बोस्टनमध्येही नाही.

तळकोकणी

दोघांचेही मनापासून आभार. एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. आता दोन शंका उरतात, त्या विचारून टाकतो.

बुडबुडा रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाही असे मी वाचले. मग प्लाकच्या आत किती चरबी आहे, तिच्यावरचे आवरण किती पातळ आहे, यांपैकी त्याला काय कळणार? शेवटी फुटते ते आवरणच ना? आणि माझ्या वडिलांसारख्या मधुमेही माणसाच्या बहुतेक धमन्यांचे अस्तर थोडेफार बिघडलेलेच असणार. तसे असेल तर बुडबुडे सगळीकडेच चिकटतील, मग त्या उत्तराचा अर्थ काय लावायचा?

शिवाय, उंदरासाठी जमलेली गोष्ट माणसापर्यंत यायला वीस-पंचवीस वर्षे का लागावीत, हे विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे, तेही लिहावे.

गुहागरचा, सध्या प्रयोगशाळेत

पहिल्या शंकेत आपण या तंत्राची मर्यादा नेमकी हेरली आहे. बुडबुडा फक्त रक्ताला लागून असलेला पृष्ठभाग वाचतो. धोकादायक प्लाकचे आवरण ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ असते, अशी व्याख्या शवविच्छेदनाच्या अभ्यासांतून आली आहे, आणि ते मोजणे या बुडबुड्यांचे काम नव्हे. बाहेरून केलेल्या कोणत्याच सोनोग्राफीचे ते काम नव्हे. पण हीच मर्यादा दुसऱ्या बाजूने फायद्याची आहे. लहान रेणूंचे कॉन्ट्रास्ट ऊतींमध्ये पाझरते आणि मग ते चिकटून थांबले आहे की नुसतेच साचले आहे, हे ठरवणे अवघड होते. बुडबुडा पाझरतच नाही, त्यामुळे दहा मिनिटांनंतर भिंतीशी जो उरला तो बहुतांशी धरला गेला म्हणूनच उरला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की कवचावर विद्युतभार असेल तर ते पांढऱ्या पेशींना आणि अस्तरालाही आपोआप चिकटते. म्हणूनच प्रत्येक प्रयोगात शोधक रेणू नसलेल्या किंवा निरुपयोगी अँटीबॉडी लावलेल्या बुडबुड्यांची तुलनेची फेरी घ्यावीच लागते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर कोणता रेणू निवडला यावर अवलंबून आहे. व्हीकॅम-१ दाह दीर्घकाळ चालू असल्याचे सांगतो. माकडांच्या त्याच अभ्यासात संकेत वाढू लागले ते शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होण्याच्या सुमारास, म्हणजे प्लाक जाड होण्याच्या पुष्कळ आधी. याचा अर्थ असा की हे तंत्र ‘हा प्लाक फुटेल का’ यापेक्षा ‘या माणसाच्या धमन्यांना आजार लागतो आहे का’ या प्रश्नाला जास्त सरळ उत्तर देते. प्लाकच्या पृष्ठभागावर प्लेटलेट्स बसू लागल्या आहेत का, हे विचारायचे असेल तर प्लेटलेट्सना धरून ठेवणारे व्हॉन विलेब्रँड घटक हे प्रथिन किंवा प्लेटलेटवरचे ग्राही हे लक्ष्य घ्यावे लागते. त्या दिशेने प्राण्यांमध्ये काम झाले आहे आणि माझ्या मते आपल्या वडिलांच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे तेच आहे.

विद्यार्थ्यांसाठी औषधनिर्माणाची बाजू सांगतो, कारण अडले आहे ते मुख्यतः तिथेच. प्रयोगशाळेत बुडबुड्यावर बायोटिन, त्याच्यावर बायोटिनला घट्ट धरणारे स्ट्रेप्टाव्हिडिन आणि त्याच्यावर बायोटिन लावलेली अँटीबॉडी अशी साखळी जोडतात, कारण ती तासा-दोन तासांत तयार होते आणि लक्ष्य बदलायचे तर शेवटची कडी बदलली की झाले. पण स्ट्रेप्टाव्हिडिन जिवाणूचे प्रथिन आहे. माणसाची प्रतिकारशक्ती ते ओळखते, त्यामुळे ही साखळी माणसात वापरता येत नाही. उंदराच्या व्हीकॅम-१साठीची अँटीबॉडी माणसाच्या व्हीकॅम-१ला धरेलच असेही नाही. म्हणजे लहान पेप्टाइड किंवा नॅनोबॉडी (अँटीबॉडीचा अगदी लहान तुकडा) नव्याने शोधायची, ती लिपिडला थेट सहसंयुज बंधाने जोडायची, निर्जंतुक भुकटी करायची, आणि प्रत्येक कुपीत बुडबुड्यांचा आकार व त्यांवरील शोधक रेणूंची संख्या सारखी आहे हे सिद्ध करायचे. साधा बुडबुडा हा फक्त वायू आणि चरबी आहे. त्याच्यावर पेप्टाइड बसवताक्षणी नियामकांच्या दृष्टीने ते नवे औषध ठरते आणि सगळ्या चाचण्या मुळापासून द्याव्या लागतात.

रेडिओलॉजिस्ट, रत्नागिरी

वरील विवेचन मला मान्य आहे, पण माणसाच्या कॅरोटिडपर्यंत हे येईल याविषयी मी लेखकांइतका आशावादी नाही, आणि त्याचे कारण रसायनशास्त्र नाही.

कॅरोटिड त्वचेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असते आणि तिचे बारकावे पाहण्यासाठी आम्ही ७ ते १२ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतो. दोन-तीन मायक्रॉनचे बुडबुडे सर्वांत चांगले स्पंदतात ते याहून बऱ्याच खालच्या वारंवारतेला. वारंवारता उतरवली की बुडबुडे दिसतात पण भिंत धूसर होते. चढवली की उलट. भिंतीवर चिकटलेला बुडबुड्यांचा एक पातळ थर, शेजारी धडधडणारी धमनी, श्वासाबरोबर आणि गिळताना हलणारी मान, आणि पहिले चित्र व फोडल्यानंतरचे चित्र तंतोतंत जुळले पाहिजे ही अट. भूल दिलेल्या माकडात हे जमते, समोर बसलेला रुग्ण मात्र दहाव्या मिनिटाला खोकतोच. आणि ज्या धमन्यांची लोकांना खरी धास्ती असते त्या हृदयाच्या, छातीवरून या पद्धतीने तपासता येत नाहीत.

खर्चाचे गणितही आहे. पीईटी स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोजवरून धमनीचा दाह आजही दिसतो, तरीही केवळ प्लाकसाठी तो कोणी नेहमी सांगत नाही, कारण उत्तर मिळाल्यावर उपचारात काय बदलायचे हे ठरलेले नाही. बुडबुड्यांपुढेही तीच अडचण येणार.

गुहागरचा, सध्या प्रयोगशाळेत

उपचारांचा मुद्दा मी वेगळ्या प्रकारे मांडेन. दाह कमी करणाऱ्या नव्या औषधाची चाचणी घेताना त्याचा परिणाम काही आठवड्यांत दिसावा, रुग्णांना झटके येण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागू नये, यासाठी अशी तपासणी फार मोलाची ठरेल. ती तालुक्याच्या ठिकाणी आली नाही तरी हरकत नाही. औषधे शोधणाऱ्यांच्या हातात आली तरी तिचा लाभ फिरून रुग्णालाच मिळेल. कोरोनरी धमन्यांबाबत आणि मानेच्या हालचालीबाबत डॉक्टरांचे म्हणणे निर्विवाद आहे.

फिजिशियन, कुडाळ

चर्चा वाचली. सरांच्या वडिलांपुरते लिहितो. औषधांचा निर्णय अर्थातच त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

लक्षणे नसलेला, ४० टक्के अरुंदपणा करणारा प्लाक मऊ आणि काळपट असेल तर कठीण, कॅल्शियमयुक्त प्लाकपेक्षा त्याचा धोका काहीसा जास्त असतो, हे साध्या सोनोग्राफीवरूनच माहीत आहे. बुडबुड्यांनी ‘दाह आहे’ सांगितले असते तरी स्टॅटिन, रक्तदाब, साखर आणि तंबाखू बंद हेच केले असते. ‘दाह नाही’ सांगितले असते तरी यांतले काहीही कमी केले नसते. शस्त्रक्रियेचा ठळक फायदा दिसला तो लक्षणे येऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांत, आणि तो निष्कर्ष १९९१ सालच्या उत्तर अमेरिकी चाचणीपासून टिकून आहे. तेव्हा मुंबईच्या त्या केंद्रात जाऊ नये.

पुढच्या डॉपलरच्या वेळी अहवालात टक्क्यांबरोबर रक्ताचा कमाल वेग सेंटिमीटर प्रतिसेकंदात लिहून मागावा. रूढ निकषांनुसार अंतर्गत कॅरोटिडमध्ये तो १२५पेक्षा कमी असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत धरतात आणि २३०च्या वर गेला तर ७० टक्के किंवा अधिक. टक्केवारी एका केंद्रात एका पद्धतीने काढतात, दुसऱ्यात दुसऱ्या; वेगाचा आकडा सोबत असला की दोन वर्षांची तुलना करता येते. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर तपासणी करावी आणि जुना अहवाल बरोबर न्यावा.

आणि घरातल्या सर्वांना एक माहीत असू द्या. तोंड वाकडे होणे, एक हात अचानक पडणे, बोलणे अडखळणे असे काही झाले आणि पाच मिनिटांत बरे वाटले तरी सकाळपर्यंत थांबू नये. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन हवा. सिंधुदुर्गातून अनेक जण गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात. आपल्या गावापासून सीटी स्कॅन आणि हे औषध रात्री-अपरात्रीही मिळेल असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, याची चौकशी आजच करून तिथला फोन नंबर आणि १०८ हे दोन्ही भिंतीवर लिहून ठेवावेत.